खूण कानावर, तपास मूत्रपिंडाचा

नवजात बाळाच्या कानापुढे कधी टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं, कधी मऊ मांसाचा एक कण लोंबत असतो. बाळ दूध पितं, रडतं, झोपतं. त्या छिद्राचा किंवा कणाचा त्याला काही त्रास नसतो. त्रास सुरू होतो तो दवाखान्यात कुणीतरी आईवडिलांना सांगतं तेव्हा, की कानाला असं काही असलं तर मूत्रपिंडातही दोष असू शकतो, एकदा सोनोग्राफी करून घ्या. नागपुरात किंवा पुण्यात हे ऐकणारं कुटुंब रिक्षाने जातं आणि संध्याकाळपर्यंत अहवाल घेऊन घरी येतं. गडचिरोलीच्या भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावरच्या कुटुंबाला मात्र तेवढ्या एका वाक्यापायी मजुरी बुडवावी लागते, उसने पैसे काढावे लागतात, आणि ओल्या बाळंतिणीला एसटीत बसवावं लागतं. म्हणून हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोलीत नीट विचारला पाहिजे: कानाचा किरकोळ दोष असलेल्या प्रत्येक बाळाच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी करायची का?

माझं उत्तर स्पष्ट आहे. कानापुढचं छिद्र किंवा मांसाचा कण एवढाच दोष असेल आणि बाळ बाकी सर्वांगाने ठीक असेल, तर करू नये. पण उत्तर इथे संपत नाही. त्या बाळाला एका वेगळ्या तपासणीची गरज आहे आणि ती तपासणी आपल्या जंगल जिल्ह्यांत पुरेशी होत नाही. मूत्रपिंडाच्या शंकेमागे धावताना कान मात्र ऐकतो की नाही, हे पाहायचं राहून जातं.

आधी ही शंका आली कुठून ते पाहू. १९४६ मध्ये शिकागोच्या एडिथ पॉटर यांनी दोन्ही मूत्रपिंडं मुळातच न घडलेल्या बाळांच्या चेहऱ्याचं वर्णन केलं. चपटं नाक, मागे गेलेली हनुवटी आणि खाली सरकलेले, दबलेले कान. हे वर्णन अचूक होतं आणि वैद्यकशास्त्राने ते कायमचं स्वीकारलं. मात्र त्या बाळांचे कान तसे का होतात हे समजून घ्यायला हवं. गर्भाशयातलं पाणी गरोदरपणाच्या उत्तरार्धात मुख्यतः गर्भाच्या लघवीचं असतं. मूत्रपिंडच नसलं की लघवी नाही, लघवी नाही म्हणून पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून गर्भ गर्भाशयाच्या भिंतीशी दाबला जातो. कान चेपतो तो त्यामुळे. कानापुढच्या छिद्राची गोष्ट अगदी निराळी आहे. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाहेरचा कान सहा लहान उंचवट्यांपासून घडू लागतो. ते उंचवटे एकमेकांना जुळताना एखादी फट राहिली तर छिद्र उरतं, एखादा तुकडा जास्तीचा झाला तर कण लोंबतो. या घडामोडीत मूत्रपिंडाचा संबंध येतोच असं नाही.

१९५७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिल्सन यांचा एक लेख आला. कानाची विकृती ही मूत्रमार्गाच्या विकृतीची खूण असू शकते, असं त्याचं म्हणणं होतं. तिथून हा नियम वॉर्डातून वॉर्डात गेला; वरिष्ठांनी शिकाऊ डॉक्टरांना सांगितला, त्यांनी पुढच्यांना. विकृत, अर्धवट घडलेला कान आणि कानापुढचं साधं छिद्र यांतला फरक या प्रवासात पुसट होत गेला.

शंकेला खरा आधार देणारा आजार एक आहे. त्याचं नाव ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम. यात कानापुढे छिद्रं असतात, मानेच्या बाजूला बारीक भोकं किंवा गाठी असतात, ऐकू कमी येतं आणि मूत्रपिंडं लहान किंवा विकृत असतात. १९९७ मध्ये त्यामागचं एक जनुक सापडलं. ते गर्भाच्या कानाच्या आणि मूत्रपिंडाच्या, दोन्हींच्या घडणीत काम करतं. तेव्हा कान आणि मूत्रपिंड यांचं नातं ही काही कल्पना नव्हे. पण हा आजार साधारण ४० हजार जन्मांत एकाला होतो असा अंदाज आहे, आणि कानापुढचं छिद्र किंवा कण शंभरात एखाद्या बाळाला असतो. आशिया आणि आफ्रिकेच्या काही भागांत तर छिद्राचं प्रमाण याहून बरंच जास्त सांगितलं जातं.

आता अभ्यास काय म्हणतात? २००० मध्ये इस्राएलमधल्या दोन डॉक्टरांनी कानापुढे फक्त मांसाचा कण असलेल्या ७० बाळांची सोनोग्राफी केली. सहा बाळांमध्ये मूत्रमार्गात काहीतरी वेगळं दिसलं, म्हणजे ८.६ टक्के. त्यांनी लिहिलं, सोनोग्राफी करावी. आकडा मोठा वाटतो. पण त्या सहांपैकी बहुतेकांमध्ये दिसलं होतं ते मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीचं फुगणं, आणि थोडंसं फुगणं तर कान सुंदर असलेल्या बाळांमध्येही शंभरात एखाद-दुसऱ्याला दिसतं. दोनच वर्षांनी त्याच देशातल्या दुसऱ्या गटाने छिद्र-कण असलेली बाळं आणि नसलेली बाळं शेजारी ठेवून पाहिली. फरक आढळला नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधून देशपांडे आणि वॉटसन यांचा अभ्यास आला. त्याच्या शीर्षकातच निष्कर्ष होता, की केवळ कानाचा किरकोळ दोष असलेल्या बाळांना मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीची गरज नाही.

मधल्या काळात, २००१ मध्ये, अमेरिकेतल्या एका जनुकतज्ज्ञांच्या गटाचा लेख आला होता. तो मला सगळ्यांत शिकवणारा वाटतो. त्यांच्याकडे आलेल्या, कानात दोष असलेल्या ४२ रुग्णांपैकी १२ जणांच्या मूत्रपिंडात दोष निघाला. २९ टक्के! एवढा आकडा वाचून कुणीही घाबरेल. पण त्या १२ पैकी ११ जणांमध्ये इतर अवयवांचेही दोष होते आणि त्यांना कुठल्या ना कुठल्या सिंड्रोमचं नाव मिळालेलं होतं. जनुकतज्ज्ञाच्या दवाखान्यात जातं कोण? ज्याच्यात अनेक गोष्टी बिघडलेल्या दिसतात ते मूल. तिथलं प्रमाण प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मलेल्या धडधाकट बाळाला लावलं की भीती विनाकारण वाढते. त्या लेखकांनी स्वतःच मर्यादा घातली होती. सोनोग्राफी करावी ती कानासोबत दुसरं व्यंग असेल किंवा चेहरेपट्टीत काही विशेष असेल तर. घरात बहिरेपणा, कानाचे किंवा मूत्रपिंडाचे दोष असतील तर. आईला गरोदरपणात मधुमेह झालेला असेल किंवा गर्भाला घातक औषध पोटात गेलं असेल तर. एरवी नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांचा हिशोब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ होती आणि चंद्रपूरची २२ लाख ४ हजार ३०७. हजारी १५ जन्मदर धरला तर वर्षाला सुमारे ४९ हजार बाळं. इस्राएलमधल्या एका मोठ्या पाहणीत ६८,४८४ बाळांपैकी ६३७ जणांच्या, म्हणजे ०.९३ टक्के बाळांच्या कानापुढे छिद्र किंवा कण होता. तेच प्रमाण इथे धरलं तर साडेचारशेच्या आसपास बाळं. ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोमचं बाळ या ४९ हजारांत वर्षाला एखादं. हा अदमास आहे, पण त्यातून दिसतं ते पुरेसं आहे. त्या एका बाळासाठी साडेचारशे कुटुंबांना सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत आणायचं. आणि ते एक बाळ तर मानेकडे नीट पाहिलं असतं, घरातल्या बहिऱ्या माणसांची चौकशी केली असती, ऐकण्याची तपासणी केली असती तर सोनोग्राफीआधीच ओळखू आलं असतं.

"एका सोनोग्राफीने काय बिघडतं?" हा प्रश्न सहज विचारला जातो. किरणं नाहीत, सुई नाही, वेदना नाही. खरं आहे. पण तपासणी यंत्राशी संपत नाही. मूत्रपिंड थोडं फुगलेलं दिसलं की अहवालात तसं लिहावं लागतं. मग महिनाभराने पुन्हा सोनोग्राफी, मग तीन महिन्यांनी पुन्हा. कुणी जास्त सावध असेल तर मूत्राशयात नळी घालून औषध सोडायचं आणि एक्स-रे काढायचे. कुणी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून महिनोन्‌महिने प्रतिजैविक देतं. यातली बहुतेक फुगीर मूत्रपिंडं काही न करता आपोआप नीट होतात. तोवर आईने किती रात्री त्या बाळाच्या लघवीवर पहारा दिला, याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

आणि अंतर. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या जिल्हा रुग्णालयातून बालरोगाच्या मोठ्या तज्ज्ञाकडे जायचं म्हटलं तर नागपूर, म्हणजे जवळजवळ तेवढंच आणखी. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात रेल्वेचं म्हणण्यासारखं ठिकाण एकच, उत्तर टोकाचं वडसा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे अनेक वर्षांचं सत्य आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची असतात, मेमध्ये तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी. तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो आणि त्यावर घराचे कित्येक महिने निघतात. त्या हंगामात आई आणि बाप दोघांनाही बाळासोबत चार दिवस बाहेर काढणं म्हणजे काय, हे सल्ला लिहिणाऱ्याला कागदावर दिसत नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट असते. आजारी अर्भकाला नेण्या-आणण्याची सोय करणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमही २०११ पासून आहे. पण कानापुढे कण असलेलं बाळ आजारी नसतं. त्याला रुग्णवाहिका कुणी द्यायची?

मग यंत्रच गावाकडे न्यावं, असं वाटेल. इथे कायदा आडवा येतो, आणि तो योग्य कारणासाठी येतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये; केंद्राचा कायदा १९९४ चा. त्या कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र, ते ठेवण्याची जागा आणि ते चालवणारा डॉक्टर यांची नोंदणी लागते आणि यंत्र मनाला येईल तिथे हलवता येत नाही. मुली वाचवण्यासाठी ही बंधनं हवीत. त्याचा एक परिणाम मात्र स्वीकारावा लागतो: बाळाच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी टोल्यावर जाऊन होणार नाही, बाळालाच यंत्राकडे यावं लागेल. आणि त्या यंत्रापुढे आधीच रांग असते. त्या रांगेत अंगावर सूज आलेली, रक्तदाब वाढलेली गरोदर बाई असते, पोटात गाठ लागणारं मूल असतं. साडेचारशे निरोगी बाळं त्या रांगेत उभी केली तर मागे कोण ढकललं जातं, याचा विचार चाळणी तपासणी सुरू करण्याआधीच व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विल्सन आणि युंगनर यांच्या निकषांत हीच सक्ती आहे: आजार महत्त्वाचा हवा, तपासणी पुढच्या उपचारापर्यंत नेणारी हवी, निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी हवी, आणि खर्च बाकीच्या आरोग्यसेवेशी ताडून पाहिलेला हवा.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यांत जड आक्षेप असा आहे. परदेशातल्या ज्या अभ्यासांचा मी आधार घेतो, तिथल्या बहुतेक आयांची गरोदरपणात पाचव्या महिन्याच्या सुमाराला सविस्तर सोनोग्राफी झालेली असते. मूत्रपिंडातले मोठे दोष तिथे जन्माआधीच दिसलेले असतात. गडचिरोलीच्या आतल्या भागात अनेक बायकांची ती सोनोग्राफी वेळेवर होत नाही किंवा होतच नाही. मग इथल्या बाळाबाबत जास्त सावध राहायला नको का?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. त्यात एक खरी गोष्ट आहे: ज्या बाळाचं मूत्रपिंड जन्माआधी कुणी पाहिलेलं नाही, त्याच्यात न दिसलेला दोष असण्याची शक्यता थोडी जास्त आहे. पण ही शक्यता अशा प्रत्येक बाळाला लागू आहे, कानापुढे छिद्र असो वा नसो. कानाचं छिद्र त्यांच्यातून दोषी मूत्रपिंडाची बाळं निवडून देत नाही. मग छिद्र असलेल्या साडेचारशे बाळांना बोलावून आपण जन्मापूर्वीची उणीव भरून काढली, असं समाधान कशाच्या जोरावर मानायचं? ती उणीव भरायची असेल तर पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी एटापल्लीच्या आणि कोरचीच्या गरोदर बाईपर्यंत पोहोचवावी. एका यंत्राचा वेळ कुठे खर्चावा असा प्रश्न आला तर मी तिच्या बाजूने उभा राहीन.

बाळाच्या मूत्रपिंडाची काळजी घेण्याचे दुसरे रस्तेही आहेत आणि ते अधिक सरळ आहेत. मुलाची लघवी धारेने होते की थेंब थेंब गळते, हे आईला विचारलं तर मूत्रमार्गातली झडप अडलेली मुलं लवकर सापडू शकतात. बाळाच्या पोटावर हात ठेवून दोन्ही बाजूंना गाठ लागते का, हे पाहायला यंत्र लागत नाही. आणि ताप. गडचिरोलीत ताप म्हटला की आधी मलेरियाचं किट काढतात, ते बरोबरच आहे. पण किटमध्ये मलेरिया निघाला नाही आणि तान्ह्या बाळाच्या तापाचं दुसरं कारणही दिसलं नाही, तर त्याची लघवी तपासली जाते का? लघवीचा जंतुसंसर्ग लक्षात न येता मूत्रपिंडावर व्रण उठतात. अशा संसर्गानंतर केलेली सोनोग्राफी सार्थकी लागते. त्याहून पुढे, या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच कमी होऊ लागते आणि तेव्हा सोनोग्राफी साफ असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साधी विद्राव्यता चाचणी फसते, कारण बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं; टाचेतून घेतलेल्या रक्ताची एचपीएलसी तपासणी मात्र सांगू शकते. मूत्रपिंडाच्या काळजीने झोप उडालेल्या आरोग्य अधिकाऱ्याने खर्च करायला ही जागा चांगली आहे.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो मला जास्त टोचतो. शहरातल्या बाळाला मिळतं ते आदिवासी बाळाला का नको? जंगलातल्या माणसाला "एवढं पुरे" म्हणण्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यामुळे असा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच गप्प करणार नाही. पण केवळ कानापुढे छिद्र असलेल्या बाळाची सोनोग्राफी पुण्यातही अनावश्यक आहे. तिथे ती होते, कारण यंत्र कोपऱ्यावर आहे, पालकांच्या खिशात पैसे आहेत आणि डॉक्टरला काही राहून गेल्याचा ठपका नको आहे. शहरात गरजेवाचून होणारी गोष्ट गावाचा हक्क ठरत नाही. हक्क आहे तो निराळा: ज्या बाळाला खरोखर गरज आहे त्याला, ते कितीही आत राहत असलं तरी, सोनोग्राफी सरकारी गाडीने आणि सरकारी खर्चाने मिळाली पाहिजे. मानेला भोक असलेलं बाळ, घरात बहिरेपणा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं बाळ, गुदद्वार न घडलेलं किंवा अंगठा विकृत असलेलं बाळ, हृदयात आवाज येणारं बाळ, अर्धवट घडलेल्या कानाचं बाळ. इथे मी "पाहू नंतर" हे उत्तर ऐकून घेणार नाही.

आता कानाकडे येऊ. वर सांगितलेल्या ६८,४८४ बाळांच्या त्याच पाहणीत, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आणखी एक गोष्ट दिसली. कानापुढे छिद्र किंवा कण असलेल्या बाळांत कायमचा बहिरेपणा हजारी ८ निघाला आणि बाकीच्या बाळांत हजारी दीड. म्हणजे कानावरची खूण मूत्रपिंडाबद्दल फारसं सांगत नसली तरी ऐकण्याबद्दल सांगते. तरीही सल्ला देताना आपण मूत्रपिंडाचं नाव घेतो आणि ऐकण्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहीत नाही. मूत्रपिंडाच्या दोषाची भीती मरणाशी जोडलेली असते, बहिरेपणाची नसते, एवढंच कारण मला दिसतं. जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलाचं काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं: ते तीन वर्षांचं होईतो "बोलेल हळूहळू" म्हणून वाट पाहिली जाते, मग पुजाऱ्याकडे नेलं जातं, मग ते मुकं म्हणून मोठं होतं. भाषा शिकायची मेंदूची पहिली वर्षं तोवर निघून गेलेली असतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा अन्य उपाय, असा जगभर मानलेला क्रम आहे.

पण इथेही मला माझ्याच युक्तिवादाला पुढे न्यावं लागतं. हजारी दीड या दराने ४९ हजार बाळांत वर्षाला ७० च्या वर बहिरी बाळं जन्मत असतील. त्यांतली कानापुढे खूण असलेली फक्त तीन-चार. बाकीच्यांचे कान बाहेरून निर्दोष असतात. जन्मजात बहिरेपणाचं मोठं कारण आनुवंशिक असतं आणि ते अनेकदा आईबापांत दिसतही नाही. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात सगळीकडेच जुनी आहे, गोंड-माडिया समाजातही आहे, आणि नात्यातल्या लग्नांत असा दडलेला दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणून ऐकण्याची चाळणी खूण पाहून करायची नसते, ती प्रत्येक बाळाची करायची असते. खूण असलेलं बाळ चुकता कामा नये, एवढंच त्या खुणेचं काम.

हे शक्य आहे. ऐकण्याच्या पहिल्या चाळणीचं यंत्र हातात मावतं. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडूक बसवलं की आतल्या कानाचा प्रतिसाद काही मिनिटांत कळतो. त्याला सोनोग्राफीच्या यंत्रासारखी कायद्याची बंधनं नाहीत. ते गाडीतून ताडगावला नेता येतं, जिमलगट्ट्याला नेता येतं. जन्माच्या पहिल्याच दिवशी केलं तर कानात साचलेल्या चिकट थरामुळे खोटी "नापास" येते, गोंगाटातही फसते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, शांत खोलीत करावं, आणि नापास बाळाची पुन्हा करून मगच बेरा या ऐकण्याच्या सविस्तर तपासणीसाठी पाठवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधून सुरू झाला. त्याच्या नऊ जन्मजात दोषांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. कानापुढचं छिद्र त्या यादीत नाही, मूत्रपिंडही नाही. सरकारने स्वतः कबूल केलेलं काम ऐकण्याचं आहे. त्या कार्यक्रमाची डॉक्टरांची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. पण सहा महिन्यांच्या अंतराने येणाऱ्या पथकाची वाट पाहिली तर तान्ह्या बाळाचा वेळ निघून जातो. जन्म जिथे होतो तिथे, ग्रामीण रुग्णालयात आणि अहेरी, कुरखेडा, आरमोरीसारख्या उपजिल्हा रुग्णालयांत ही चाळणी बसायला हवी.

चाळणीनंतरचं कामही डोळ्यांपुढे ठेवायला हवं. श्रवणयंत्र मिळालं तरी बोलायला शिकवणारं माणूस लागतं, आणि दक्षिण गडचिरोलीत घरातली भाषा माडिया असते, गोंडी असते, सिरोंचाकडे तेलुगू असते, मुलचेरा-चामोर्शीत बंगालीही असते. फक्त मराठी येणारी प्रशिक्षक बाई माडिया आईला बाळाशी कसं बोलायचं ते कुठल्या शब्दांत सांगणार? गावातल्याच मुलींना हे शिक्षण द्यावं लागेल. या जिल्ह्यात ते अशक्य आहे, असं म्हणायची सोय उरलेली नाही.

कारण याच जिल्ह्यात त्याचं उदाहरण घडलेलं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. जंतुदोष ओळखायला आणि त्यावर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे याच कामाच्या धर्तीवर देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या. मला त्यातली तुलनेची ४७ गावं फार महत्त्वाची वाटतात. ती नसती तर काय कमी झालं आणि कशाने, हे कुणालाच खात्रीने सांगता आलं नसतं. कानाच्या छिद्रावरचा गोंधळही शेजारी तुलनेची बाळं ठेवली तेव्हाच फिटला.

म्हणून आशाताईंच्या त्या गृहभेटींच्या कागदावर चार प्रश्न वाढवावेत, असं माझं मागणं आहे. बाळाच्या कानापुढे किंवा मानेला छिद्र, कण आहे का? घरात कुणी जन्मापासून बहिरं किंवा मूत्रपिंडाच्या आजाराचं आहे का? आईला गरोदरपणात साखरेचा आजार होता का? बाळाच्या ऐकण्याची तपासणी झाली का, आणि झाली असेल तर निकाल काय? पहिल्या प्रश्नाला "कानापुढे एवढंच" असं उत्तर आलं आणि दुसऱ्या-तिसऱ्याला "नाही" आलं, तर आईला तिच्या भाषेत सांगावं की मूत्रपिंडाची काळजी करू नकोस, छिद्र पिळू नकोस, तिथे पू किंवा लाली दिसली तर दाखव, आणि ऐकण्याची तपासणी चुकवू नकोस. मान, घराणं किंवा आईची साखर यांपैकी कुठेही "हो" आलं, तर गाडी गावात यावी.

आणि कुणाला अजूनही वाटत असेल की इथल्या बाळांचं परदेशातल्या बाळांपेक्षा काही वेगळं असेल, तर तो संशय रास्त आहे आणि तो मिटवण्याची सोयही आता जवळ आली आहे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे, गडचिरोलीलाही आता सुरू झालं आहे. जिल्हा रुग्णालयात जन्मलेली, कानापुढे खूण असलेली बाळं आणि त्याच आठवड्यात जन्मलेली खूण नसलेली बाळं, दोन्हींची सोनोग्राफी आई घरी जायच्या आधी, त्याच खाटेवरून करावी. कुणालाही त्यासाठी पुन्हा बोलावू नये, आणि कुठलं बाळ कुठल्या गटातलं हे सोनोग्राफी करणाऱ्याला कळू देऊ नये. दोन-तीन वर्षांत उत्तर हाती येईल आणि ते चंद्रपूर-गडचिरोलीचं स्वतःचं असेल. तोवर कानापुढे एवढंसं छिद्र असलेल्या बाळाच्या आईच्या हातात मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी देऊ नये.